परतीच्या वाटेवरची गावं

सेंट पॉल, मिनेसोटा
ऑक्टोबर

प्रिय मावशी,


तुझं पत्र परवा मिळालं. लाओसच्या डोंगरातली माणसं इथल्या बर्फात कशी येऊन राहिली आणि शेजारच्या आजींच्या जुन्या कॅसेटी मी रविवारच्या रविवार का ऐकत बसते, असं तू विचारलं आहेस. फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. इतिहास शिकवण्यात तुझी हयात गेली, पण ज्या लढाईमुळे ते इथे आले ती तुमच्या कुठल्या पाठ्यपुस्तकात आली नसेल. ती कुणाला कळू द्यायचीच नव्हती.

हमोंग हे दक्षिण चीन, व्हिएतनाम, लाओस आणि थायलंडच्या डोंगरांत राहणारे लोक. १९६१ पासून अमेरिकेच्या सीआयएनं लाओसमधल्या हमोंगांना हाताशी धरून एक फौज उभी केली. तिचा सेनापती वांग पाओ, तोही हमोंगच. १९६२ च्या जिनिव्हा करारानं लाओस तटस्थ ठरला होता, त्यामुळे सगळा कारभार गुपचूप. लाँग चेंग नावाच्या खोऱ्यात धावपट्टी बांधली आणि तिच्याभोवती बघता बघता शहर वसलं. उत्तर व्हिएतनामी फौज अडवायची आणि पडलेल्या अमेरिकी वैमानिकांना जंगलातून शोधून आणायचं, ही कामं हमोंगांनी केली. मोठी माणसं मारली गेली तशी तेरा-चौदा वर्षांची पोरंही बंदुका घेऊन उभी राहिली. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेनं लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यातले न फुटलेले अजून शेतात निघतात आणि माणसं मारतात.

मे १९७५ मध्ये वांग पाओला विमानानं बाहेर काढलं. त्याच्याबरोबर अधिकारी आणि त्यांच्या घरची मिळून दोन-तीन हजार माणसं गेली असतील. बाकीची धावपट्टीवर वाट बघत राहिली आणि शेवटी पायी निघाली. ज्यांच्या बाजूनं ती लढली होती ते निघून गेले होते, आणि जिंकलेले त्यांना शोधत होते. काही कुटुंबं महिनोन्‌महिने, काही तर कित्येक वर्षं जंगलात लपून राहिली. मग रात्री मेकाँग नदी ओलांडायची. बांबूच्या मोळ्या, केळीचे खुंट, मोटारीच्या ट्यूब, हाताला लागेल ते पोटाशी धरून. पलीकडे थायलंडात बान विनाई नावाची छावणी होती. तिथून कुणी अमेरिकेला, कुणी फ्रान्सला, कुणी थेट फ्रेंच गयानाला गेलं. आज अमेरिकेत तीन लाखांहून जास्त हमोंग आहेत, आणि शहरी वस्त्यांतली सगळ्यांत मोठी आमच्या या सेंट पॉल परिसरात. त्यांच्या सैनिकांच्या नावानं आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत एक फलक बसला, तोही १९९७ साली.

एवढा इतिहास पुरे. खरं सांगायचंय ते पुढेच आहे.

गेल्या हिवाळ्यात शेजारचे आजोबा वारले. हमोंगांचा अंत्यविधी तीन-चार दिवस चालतो. इथे शुक्रवारी सुरू होऊन सोमवारी दफन. त्यातला अगदी पहिला विधी म्हणजे मृताला वाट दाखवणं. जाणता माणूस शवाशेजारी उभा राहून तासन्‌तास गातो. मेलेल्याच्या आत्म्यानं शेवटच्या घरापासून उलटं निघायचं. जिथे जिथे तो राहिला त्या प्रत्येक ठिकाणी थांबायचं, तिथल्या भूमीचे आभार मानायचे आणि मग मागचं गाव गाठायचं. असं करत करत जन्मगावी पोचायचं, कारण तिथे त्याची वार पुरलेली असते. मुलाची घराच्या मधल्या खांबाशी, मुलीची आईबापांच्या पलंगाखाली. ती वार म्हणजे आत्म्याचा पहिला अंगरखा. तो अंगात घातल्याशिवाय पूर्वजांकडे जाता येत नाही. मग बांबूच्या नळ्यांचं केंग नावाचं वाद्य आणि ढोल सुरू होतात आणि आत्मा पुढच्या वाटेला लागतो.

मावशी, गाणाऱ्याला गावांची यादी घरच्यांनी द्यावी लागते. इथे मला हे लोक खऱ्या अर्थानं कळले. आपल्याकडे कुळाची माहिती हवी असली तर त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांच्या चोपड्या निघतात आणि खापरपणजोबांची सहीसुद्धा सापडते. यांच्याकडे चोपडी नाही. यादी माणसांच्या तोंडी असते, आणि ती चुकली तर गेलेला माणूस मध्येच कुठेतरी अडकतो. घराण्याचा इतिहास जपणं हा आपल्यासारख्यांचा निवृत्तीनंतरचा छंद असेल. त्यांच्याकडे त्याच्यावाचून अंत्यविधी पुरा होत नाही.

त्या रात्री मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते. मुलगे, जावई, पुतणे टेबलाभोवती बसून यादी करत होते. सेंट पॉलमधली तीन घरं झाली. त्याआधी कॅलिफोर्नियातलं फ्रेस्नो, त्याआधी बान विनाई. तिथपर्यंत नावं भराभर आली. मग मेकाँग, आणि नदीच्या लाओसकडच्या बाजूला सगळं अडलं. १९७५ नंतर ते लोक जंगलात लपत फिरले, त्या जागांना कुणाला नावंच माहीत नव्हती. एक जण म्हणाला झरा होता, दुसरा म्हणाला चुनखडीची गुहा होती. धाकट्या मुलाचा जन्मच छावणीतला, त्याला काय ठाऊक? आजी नवऱ्याच्या उशाशी बसलेल्या. त्यांना उठवायचं कसं, म्हणून कुणी विचारेना. शेवटी एक पुतण्या त्यांच्याशी वाकून बोलला. त्यांनी मान वर न करता सलग नऊ नावं सांगितली.

दफनानंतर काही आठवड्यांनी त्यांची नात माझ्याकडे आली. विद्यापीठात शिकते. इंग्रजी तिची पहिली भाषा, हमोंग निम्मी समजते. मोठ्या माणसाच्या मरणाचा विषय त्याच्यासमोर काढणं त्यांच्यात फार अशुभ, त्यामुळे आजीला तिची यादी विचारायची कशी या काळजीत ती होती. पण आजींनीच तिला बोलावून सांगितलं होतं की माझी गावं आत्ताच लिहून घे, तुझ्या बापाला आठवणार नाहीत. आणि पलंगाखालून पत्र्याचा डबा काढून दिला होता. त्यात कॅसेटी होत्या.

या कॅसेटी म्हणजे पत्रं. त्या पिढीच्या बहुतेकांना लिहितावाचता येत नव्हतं. हमोंगसाठी रोमन लिपी मिशनऱ्यांनी लाओसमध्ये बसवली ती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला. पुढे १९५९ मध्ये शाँग लू यांग नावाच्या एका निरक्षर शेतकऱ्यानं स्वतःची वेगळी लिपी रचली. केवढी अचाट गोष्ट! १९७१ मध्ये त्याचा खून झाला. पण डोंगरातल्या सगळ्यांपर्यंत या लिप्या कुठून पोचणार? म्हणून छावणीतला भाऊ अमेरिकेतल्या बहिणीला टेपवर बोलून पाठवायचा, आणि ती तिची बाजू भरून परत धाडायची. आपल्या आबांचा टेपरेकॉर्डर मी आणला होता ना नाट्यगीतांसाठी, तो अजून चालतो. मुलीला ते कळलं होतं, म्हणून ती माझ्या दारात आली.

कॅसेट लावली की आधी खरखर. मग कोंबडा आरवतो, कुणीतरी खोकतं, पोर रडतं आणि छावणीतला एक माणूस घसा साफ करून बोलू लागतो. तो आजींचा धाकटा भाऊ. सगळ्यांची खुशाली विचारतो, कोण वारलं ते सांगतो, तांदूळ किती मिळतो ते सांगतो, आणि मग मध्येच बोलता बोलता गाऊ लागतो. विरहाचं गाणं, जागच्या जागी रचलेलं. जे साध्या बोलण्यात सांगायची लाज वाटते ते त्यांच्यात असं गाऊन सांगतात. आजी डोळे मिटून ऐकतात आणि शब्द पुटपुटतात. मुलीचे वडील ओळीओळीनं इंग्रजीत सांगतात, मुलगी लिहून घेते आणि मी यंत्र सांभाळते. एका टेपची फीत चिकटली होती. ती हातानं उलगडून दुसऱ्या खोक्यात भरताना माझा जीव मुठीत होता, कारण त्या आवाजाची दुसरी प्रत जगात कुठेच नाही.

त्यांच्या भिंतीवर एक भरतकामाचं कापडही आहे. हमोंग बायकांचं भरतकाम पिढ्यान्‌पिढ्यांचं, पण त्यात माणसं नसत. गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी, डोंगरांचे त्रिकोण, बियांचे ठिपके असत. माणसं आली छावणीत. १९७० च्या दशकात विकण्यासाठी म्हणून बायका गोष्टींची कापडं शिवू लागल्या. चित्र पुष्कळदा पुरुष काढून देत आणि टाके बायकांचे. अमेरिकी घरांत शोभावेत म्हणून भडक रंग जाऊन निळे-तपकिरी आले. आजींच्या कापडावर वरच्या कोपऱ्यात भाताचं खाचर आणि उखळाशी बाई आहे. मग विमानं, हिरव्या कपड्यातले शिपाई, पाठीवर पोरं बांधून रांगेनं निघालेली माणसं. खाली आडवी निळी नदी, तिच्यात बांबू धरलेली बोटाएवढी माणसं. तळाशी छावणी आणि टेबलामागे बसलेला गोरा अधिकारी.

अशी कापडं संग्रहालयांत लोककला म्हणून टांगतात आणि बहुतेकांवर शिवणारणीचं नाव नसतं. मला ते मुळीच पटत नाही. ज्या बाईनं ती नदी पोहून पार केली, तिनंच ती शिवली. ते कापड म्हणजे साक्ष आहे, आणि साक्षीदाराचं नाव, गाव, कूळ त्याच्यासोबत नोंदवलंच पाहिजे.

साक्षीचं म्हणते त्याला कारण आहे. विमानांतून पिवळा पाऊस पडला आणि माणसं, जनावरं मेली, असं शेकडो हमोंगांनी छावण्यांत सांगितलं. १९८१ मध्ये अमेरिकी सरकारनं त्यावरून सोव्हिएत संघावर आरोप केला. पुढे काही शास्त्रज्ञांनी सांगितलं की ते ठिपके म्हणजे मधमाश्यांची विष्ठा. तो रसायनांचा वाद मी सोडवू शकत नाही. पण २०१२ मध्ये एका नावाजलेल्या रेडिओ कार्यक्रमात एका वृद्ध हमोंग गृहस्थांची मुलाखत झाली, आणि डोळ्यांनी पाहिलेलं सांगत असताना त्यांना ऐकीव माहिती सांगणाऱ्यासारखं उलटसुलट विचारलं गेलं. दुभाषी म्हणून त्यांची पुतणी, लेखिका काओ कालिया यांग, बसली होती. बोलता बोलता तिला रडू कोसळलं. काओ कालियाचा जन्म बान विनाईतला, बालपण इथे सेंट पॉलमध्ये गेलं, आणि २००८ मध्ये तिनं आजीवर आणि कुटुंबावर लिहिलेलं पुस्तक शेजारच्या मुलीनं वाचून वाचून खिळखिळं केलंय. आपल्या आजीचं बोलणं कागदावर येऊ शकतं, हे तिला त्या पुस्तकानं दाखवलं.

सरकारी कागदांवर मात्र या मुलीचा विश्वासच नाही, आणि का असावा? आजींच्या सरकारी कागदावर जन्मतारीख १ जानेवारी आहे. आजोबांचीही तीच होती. आजींची आई सांगायची की भात कापणीला आला होता तेव्हा तू झालीस. छावणीतल्या कारकुनाला तारीख हवी होती, त्यानं लिहून टाकली.

आता एक अवघड गोष्ट. आजी सांगतात तेव्हा नदीच्या अलीकडे त्यांना तीन मुलं असतात आणि पलीकडे दोन. मुलीनं हे दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं. त्या काळी रात्री काठावर शिपाई गस्त घालत, आणि तान्ह्यांनी रडू नये म्हणून आया त्यांना थोडी अफू चाटवत. काही मुलं पुन्हा जागीच झाली नाहीत. कितीतरी घरांतून हे ऐकायला मिळतं. या घरात काय झालं ते आजींनी सांगितलेलं नाही. त्या नदीशी येतात, हातानं खूण करून टेप थांबवायला लावतात आणि उठून परसात जातात. तिथे गवती चहा आणि कोंबडीच्या रश्श्यात घालायच्या औषधी पाल्याच्या कुंड्या आहेत. त्यांना पाणी घालतात.

तू म्हणशील, विचारायलाच हवं, नाहीतर तेही जाईल. मुलीलाही तसंच वाटत होतं. मी तिला सांगितलं की विचारू नकोस. फक्त वहीत लिही, ‘इथे आजी थांबली.’ पुढे तुझी मुलं वाचतील तेव्हा तिथे काहीतरी आहे एवढं त्यांना कळेल. नाव द्यायचं की नाही हा आजीचा अधिकार आहे. तिला ते पटायला वेळ लागला. मग तिनं मला विचारलं, "माझी वार कुठे गेली?" तिचा जन्म इथल्या इस्पितळातला. तिथे अशा गोष्टींचं काय करतात ते तुला ठाऊक आहे. वडिलांची वार छावणीत पुरलेली, आणि ती छावणी १९९२ मध्ये बंद झाली. मी काय उत्तर देणार? तिनं तो प्रश्न आजीला विचारला. आजी म्हणाल्या की गाणारा शहराचं नाव नीट घेईल, तू फक्त घरांचे पत्ते लिहून ठेव.

आता वहीत सव्वीस ठिकाणं झाली आहेत. रोमन लिपीत, मुलीच्या हाताची, आणि प्रत्येक नाव आजींच्या आवाजात वेगळं टिपलेलं, कारण हमोंगमध्ये सूर बदलला की अर्थ बदलतो आणि गाणाऱ्याला उच्चार चुकवून चालत नाही. प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. एक प्रत इथल्या हमोंगांच्या संग्रहाला द्यावी असं मी सुचवलं; आजी विचार करून सांगणार आहेत. घराण्याची वाट परक्यांच्या हाती द्यावी की नाही, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीनं लहान नाही, आणि मी घाई करणार नाही.

जंगलातल्या मुक्कामांपैकी दोन गावं अजून पक्की नाहीत. कॅसेटवरचा तो भाऊ आता विस्कॉन्सिनमध्ये वॉसॉला असतो. शनिवारी आम्ही सगळे त्याच्याकडे निघालो आहोत, गाडी माझी. आजींचे गुडघे दुखतात, तेव्हा त्या घरीच थांबतील असं मुलगा म्हणत होता, पण त्यांनी चिकट भात आणि मिरचीचा ठेचा बांधायची तयारीसुद्धा केली आहे. भावानं फोनवर त्या दोन गावांचा क्रम उलटा सांगितला. तेव्हापासून त्या अस्वस्थ आहेत, आणि समोर बसूनच निकाल लावायचा म्हणतात.

काकांना नमस्कार. औषधं वेळेवर घे.

तुझी भाची