वाचता येणारी यंत्रणा

माझ्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांची नोंद दोन ठिकाणी होती: दाखल नोंदवहीत आणि एका जुन्या संगणकात. वहीतली नोंद कोणालाही वाचता येई. संगणकातली मात्र एकाच प्रोग्रॅमला. तो विकणाऱ्याने धंदा गुंडाळला होता, नोंदी युनिकोडच्या आधीच्या एका फॉन्टमध्ये अडकल्या होत्या आणि त्या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमला सुरक्षेचे अपडेट मिळणं केव्हाच थांबलं होतं. ग्रंथपाल काकांचा फोन आला, ‘‘अगं, तू पुण्यात एवढे सर्व्हर सांभाळतेस, आमचं एवढं मार्गी लावशील का?’’ मी लगेच हो म्हटलं. याच वाचनालयाच्या बालविभागातून पुस्तकं नेत मी मोठी झाले.

सर्व्हरसाठी डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि ग्रंथालयाच्या कामासाठी कोहा ही प्रणाली, हे मी पहिल्याच बैठकीत कार्यवाहांपुढे मांडलं. 1993 साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेलं डेबियन आजही जगभरचे स्वयंसेवक मिळून बांधतात. ते एखाद्या कंपनीच्या मालकीचं नाही, त्यामुळे मालकाने दुकान बंद केल्यावर ग्राहक उघड्यावर पडण्याचा प्रश्न येत नाही. मी बसवलेली बारावी आवृत्ती जून 2023मध्ये आली आणि जून 2028पर्यंत तिला सुरक्षेचे अपडेट मिळत राहणार आहेत. अनुदानावर चालणाऱ्या संस्थेला असा आधी कळणारा हिशेब फार मोलाचा असतो.

कोहाचा जन्म मला आमच्या गावाला जवळचा वाटतो. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयांची जुनी संगणकप्रणाली 2000 साल झेपणारी नव्हती. त्यांनी कटिपो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली, जानेवारी 2000मध्ये ती सुरू केली आणि तिचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. एका छोट्या ग्रंथालयाने आपली अडचण सोडवताना दुसऱ्यांचीही सोय करून ठेवली. आम्ही त्याच सोयीचा लाभ घेत होतो.

जुन्या नोंदी बाहेर काढणं हे सगळ्यांत कष्टाचं काम ठरलं. जुना फॉन्ट बाजूला केला की मराठी नावांच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरं आणि चिन्हं उरत. कोणत्या चिन्हामागे कोणतं अक्षर, याचा तक्ता तयार करून मी रूपांतराची स्क्रिप्ट लिहिली. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलट. ही अदलाबदल जोडाक्षरांतही बिनचूक व्हायला हवी होती. काका दाखल नोंदवही उघडून शेजारी बसत, मी पडद्यावरचं नाव वाचे आणि ते दाखल क्रमांकावर बोट ठेवून ‘बरोबर’ किंवा ‘थांब’ म्हणत. ती वही नसती, तर आम्हाला ताळा करायला काहीच नव्हतं.

सर्व्हर म्हणजे एक साधा डेस्कटॉप, त्यात नवी एसएसडी आणि ग्राफिकल डेस्कटॉपशिवाय बसवलेलं डेबियन. पुण्याहून आत शिरण्यासाठी एसएसएच ठेवलं, त्यातलं पासवर्डने लॉगिन बंद करून फक्त किल्लीच्या जोडीवर प्रवेश दिला. सुरक्षेचे अपडेट रात्री आपोआप बसतात. या सगळ्याची सेटिंग्ज ‘ईटीसी’ नावाच्या डिरेक्टरीत साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये असतात, आणि ज्या ओळीआधी हॅशचं चिन्ह असेल ती ओळ संगणक सोडून देतो, म्हणजे ती माणसांसाठी मोकळी राहते. मी प्रत्येक बदलाच्या वर अशा ओळीत मराठीतून कारण लिहिलं: हे का केलं, काढलं तर काय होईल. जोडीला ईटीसीकीपर बसवलं. ते त्या डिरेक्टरीतल्या प्रत्येक बदलाचा इतिहास तारीखवार जपून ठेवतं.

विजेकडे खास लक्ष द्यावं लागलं. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि डेटाबेसमध्ये लिहिणं चालू असताना संगणक धाडकन बंद पडणं वाईट. यूपीएस यूएसबी केबलने सर्व्हरला जोडला आणि नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे ‘नट’, बसवलं. वीज जाऊन ठरलेली मिनिटं उलटली की नट आधी डेटाबेस, मग संगणक शिस्तीत बंद करतं. शेवटी ते यूपीएसलाही पुरवठा तोडायला सांगतं. हे सांगणं महत्त्वाचं, कारण बॅटरी पूर्ण संपण्याआधी वीज परत आली, तर संगणकापर्यंतचा पुरवठा कधी तुटलेलाच नसतो. मग ‘वीज आल्यावर चालू हो’ हे बायॉसमधलं सेटिंग कामी येत नाही आणि सकाळी वाचनालय उघडतं तेव्हा सर्व्हर बंदच सापडतो. मी भिंतीवरचा स्विच पाडून ही सगळी साखळी काकांना डोळ्यांदेखत दाखवली, आणि मग स्विच त्यांच्याच हाती दिला.

मग खरी कसोटी आली: मराठी शोध. नोंदी पडद्यावर स्वच्छ मराठीत दिसत होत्या, पण शोधलं की सापडत नव्हत्या. कोहाच्या मागे शोधाचं काम झेब्रा नावाचं इंजिन करतं. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ते ज्या तक्त्यावरून ठरवत होतं, तो युरोपीय लिप्या डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला होता. देवनागरीसाठी युनिकोडचे नियम जाणणारी आयसीयू ही लायब्ररी वापरावी लागते. तो बदल एका फाइलीत, एका ओळीत होतो. ओळ बदलली, पुन्हा पहिल्यापासून इंडेक्स बनवायला लावला आणि लेखकांची नावं एकेक करत सापडू लागली.

तरी लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ काही हाती लागेना. काकांनी कपाटातून पुस्तक आणून माझ्यासमोर ठेवलं, ‘‘हे बघ, पुस्तक इथं आहे आणि तुझा संगणक नाही म्हणतोय.’’ मी नोंदीतला शब्द आणि शोधात टाइप केलेला शब्द, दोन्ही अक्षर-अक्षर उलगडून त्यांचे युनिकोड क्रमांक पाहिले. ‘वऱ्हाड’मधला तो अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्तावाला ‘ऱ’ आणि हलन्त, दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द अगदी एकसारखे दिसतात. संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. आमच्या नोंदी एका रीतीने आल्या होत्या आणि देवघेवीच्या टेबलावरचा कीबोर्ड दुसऱ्या रीतीने लिहीत होता. दऱ्या, तऱ्हा, सुऱ्या, सगळ्या शब्दांचं हेच होणार होतं.

आयसीयूच्या नियमांची फाइलही साध्या मजकुराचीच. तिच्यात शब्द पाडण्याआधीच्या टप्प्यावर मी एक नियम घातला: साधा र, हलन्त आणि ते जोडचिन्ह या क्रमाने आले, तर त्यांना नुक्तावाला ऱ आणि हलन्त समज. हा नियम नोंदींचा इंडेक्स बनवतानाही लागतो आणि वाचकाने टाइप केलेल्या शब्दालाही, त्यामुळे एकही नोंद हाताने बदलावी लागली नाही. इंडेक्स पुन्हा बनला. काकांनी स्वतः ‘वऱ्हाड’ टाइप केलं आणि पुस्तक समोर आलं. त्यांनी विचारलं, ‘‘हे तू कुठं लिहिलंस ते दाखव मला.’’ मी फाइल उघडली. नियमाच्या वर मराठीत लिहिलेलं कारण त्यांनी मोठ्याने वाचलं आणि आपल्या वहीत फाइलीचं नाव उतरवून घेतलं.

इतकी वर्षं या व्यवसायात राहून माझं मत ठाम झालं आहे: सॉफ्टवेअर फुकट मिळतं ही ओपन सोर्सची छोटी बाजू आहे. मोठी बाजू अशी की, आपल्या भाषेतला एक अर्धा र जगातल्या कोणत्याही कंपनीच्या यादीत नसला, तरी तो दुरुस्त करायला परवानगी मागावी लागत नाही. मात्र त्याची किंमत आहे. कोणीतरी बसून वाचावं लागतं, समजून घ्यावं लागतं आणि लिहून ठेवावं लागतं. ते कष्ट टाळले, तर खुली प्रणालीसुद्धा चार वर्षांत आमच्या जुन्या संगणकासारखी बंद होते, कारण ती बसवणारा माणूस निघून गेलेला असतो.

म्हणून काम काकांच्या हाती देण्याआधी मी एक शेवटचा पाठ ठेवला. कोहा रोज रात्री बॅकअप घेतं. तो आळीपाळीने दोन बाहेरच्या डिस्कवर उतरतो आणि त्यांतली एक कायम कार्यवाहांच्या घरी असते. पण दुसऱ्या यंत्रावर उभा करून पाहिल्याशिवाय बॅकअपवर विसंबायचं नसतं. एका सुट्टीच्या दिवशी रिकाम्या संगणकावर काकांनी स्वतःच्या वहीवरून एकेक आज्ञा टाइप करत सगळं वाचनालय पुन्हा उभं केलं. मी शेजारी होते, पण कीबोर्डला हात लावला नाही.

नवं सॉफ्टवेअर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक वाचनालयाला, पतसंस्थेला, शाळेला मला कळकळीने सांगायचं आहे की, किमतीआधी तीन गोष्टी विचारा. आमच्या नोंदी युनिकोडमध्ये पूर्ण बाहेर काढता येतील का? बॅकअप आमच्यासमोर दुसऱ्या यंत्रावर उभा करून दाखवाल का? आणि उद्या तुम्ही नसाल, तेव्हा आमच्या माणसाने वाचावं असं काय लिहून ठेवाल? या तिन्हींची उत्तरं कागदावर मिळाली तरच सही करा.