काहीच न मागणारी होडी

माझ्या आयुष्यात आमच्या घरी दोनच होड्या झाल्या. पहिली आंब्याच्या लाकडाची, आजोबांनी घडवून घेतलेली. दुसरी फायबरची, बाबांनी कर्ज काढून आणलेली. पहिली गेली तेव्हा मी शाळेत होते, तरी तिच्या आठवणी ढीगभर आहेत. दुसरी गेली तीसेक वर्षं घरची आहे. तिच्या मासळीवर माझं शिक्षण झालं, धाकट्या बहिणीचं लग्न झालं, आणि तरीही तिच्याविषयी सांगण्यासारखं माझ्याकडे आता आतापर्यंत काहीच नव्हतं. असं का झालं, ते ती दुरुस्त करायला घेतल्यावर उमगलं.

लाकडी होडीला सतत काही ना काही हवं असे. आमचं घर मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या खाडीकाठी. पाऊस तोंडावर आला की होडी वर ओढायची, आणि त्याला अख्खी वाडी लागायची. ओंडक्यांवरून सरकत ती माडांखाली यायची आणि तिच्यावर चुडतांच्या झापांची खोप उभी राहायची. मग फळ्यांच्या सांध्यांतला जुना कापूस उकरून नवा ठोकायचा, वरून राळ आणि तेल भरायचं. तळाला काजूच्या टरफलांचं काळं तेल. ते हाताला लागलं की कातडी सोलवटून निघायची, म्हणून त्या दिवसांत आई आम्हाला जवळ फिरकू देत नसे. बायकांनी होडीत पाय ठेवायचा नाही असा आमच्याकडे दंडक होता, पण खोपीत बसून जाळी शिवायला कोणाची हरकत नव्हती. त्यामुळे पावसाळाभर घरातलं निम्मं बोलणं त्या खोपीतच व्हायचं. कोणाचं लग्न, कोणाचं भांडण, सोसायटीत कोणी काय खाल्लं, सगळं होडीच्या साक्षीनं.

नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की ती पाण्यात उतरायची. सुरुवातीला पाणी घ्यायची आणि बाबा करवंटीनं ते उपसत बसायचे. लाकूड फुगलं की फटी आपल्या आपण मिटायच्या. उलट फार दिवस उन्हात पडून राहिली की पुन्हा भेगाळायची. कामात असली तरच धड, अशी तिची तऱ्हा होती.

नव्वदच्या दशकात सोसायटीमार्फत कर्ज मिळालं आणि फायबरची होडी आली. चोवीस फुटी, बाहेरून निळी, मागच्या फळीवर ९.९ अश्वशक्तीचं आऊटबोर्ड इंजिन. वजनाला हलकी, त्यामुळे तेल कमी जाळणारी. पाण्यातली कीड तिला लागत नाही, सांधे नाहीत, म्हणून गळत नाही. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला तिच्या कुशीवर थाप मारून सांगायचे, "लाकडाक दरवर्षी तेल होया, माणसां होयी. ह्येका कायच नको."

खरंच काही नको होतं. पावसाळ्यात चौघं जण मिळून तिला खळ्यात आणून ठेवत. खोप बांधायची गरज नव्हती, वर एक ताडपत्री टाकली की झालं. झाप विणणं आधी कमी झालं, मग बंदच पडलं. होडी ओढायला वाडी जमेना, कारण बोलवायचं कारणच उरलं नाही. यात वाईट वाटून घेण्यासारखं कोणालाच काही दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर बाबांच्या पाठीला त्या हलकेपणानं मोठाच आराम दिला. कर्ज फिटलं. बांगडा, पेडवे, सौंदाळे येत राहिले. मी रसायनशास्त्र शिकले, पुढे तेच शिकवू लागले. वर्गात पॉलिस्टरच्या साखळ्या फळ्यावर काढताना आमच्या खळ्यात नेमकी तीच साखळी पडली आहे, हे माझ्या मनात कधी आलं नाही.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं. आमच्या परसातला एक माड होडीवर आडवा झाला. उजवी कूस फुटली, काठ दबला. बाबांचे गुडघे तोवर गेलेच होते, त्यामुळे ती तशीच राहिली. आत पावसाचं पाणी साचलं, पाण्यात डास झाले, एक वेल नाळेवरून चढून पलीकडे उतरला. शेजारी म्हणाले, तोडून टाका.

पण फायबर तोडून टाकायचं म्हणजे कुठे टाकायचं? आजोबांची होडी संपली तेव्हा तिच्या बऱ्या फळ्यांचा गोठ्याला दरवाजा झाला आणि उरलेलं लाकूड न्हाणीच्या चुलीत गेलं. फायबर चुलीत घालता येत नाही. जाळलं तर काळा विषारी धूर निघतो आणि आतली काच तशीच मागे उरते. पुरलं तर कुजत नाही. त्या काचेला बांधणारं रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळतही नाही, म्हणजे बादल्या-खुर्च्यांसारखं भंगारवाल्याकडे जाऊन त्याचं दुसरं काही होत नाही. १९४२ साली अमेरिकेत, ओहायोत, रे ग्रीननं पॉलिस्टर रेझिन आणि काचेचे धागे यांची होडी केली, तेव्हा न कुजणं हा तिचा मोठा गुण होता. आज तोच गुण जगभरच्या किनाऱ्यांच्या अंगावर येतो आहे. फ्रान्सनं २०१९ पासून जुन्या होड्या मोडीत काढायची खास व्यवस्था उभारली. आमच्या तालुक्यात अशा होड्या माडांच्या बुंध्याशी उलट्या पडलेल्या असतात आणि त्यांच्यावर कपडे वाळत घातलेले असतात. मला वाटलं, हिला मरता येणार नसेल तर हिनं कामात तरी असावं.

दुरुस्तीसाठी एक फायबरवाला मिळाला. गोव्यातल्या होड्यांच्या कारखान्यात त्यानं उमेदीची वर्षं काढली होती. त्यानं पहिल्यांदा खिशातून नाणं काढलं आणि होडीच्या अंगावर टकटक करत फिरू लागला. जिथं थर एकजीव असतात तिथं आवाज खणखणीत येतो, जिथं सुटलेले असतात तिथं बद्द. तो खडूनं खुणा करत गेला. फुटलेली कूस सगळ्यांना दिसत होती, पण खरा आजार तळाला आणि मागच्या फळीत आहे असं त्याचं मत पडलं.

तळावर मुगाएवढे फोड होते. त्यानं एक फोड पेचकसानं फोडला. आतून तेलकट पाण्याचा थेंब आला आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास होता. माझं सगळं शिक्षण त्या वासात एका क्षणात जागं झालं. बाहेरचा रंगीत थर, म्हणजे जेलकोट, पाण्याला पूर्ण अडवत नाही. वर्षानुवर्षं पाणी थोडं थोडं आत झिरपतं, तिथल्या एस्टरचे बंध तोडतं, त्यातून आम्ल आणि इतर लहान रेणू सुटतात. त्यांचं दाट द्रावण बाहेरचं आणखी पाणी आत खेचतं आणि दाबानं फोड येतो. ज्या होडीला काहीच नको म्हणून आम्ही निर्धास्त होतो, ती इतकी वर्षं आतल्या आत पाणी पीत होती. लाकडाची होडी पाणी प्यायची तेव्हा निदान ते सगळ्यांना दिसायचं.

मागची फळी उघडल्यावर मीही गप्प झाले. दोन्ही बाजूंना फायबर आणि मध्ये प्लायवूड अशी ती रचना. इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरत राहिलं होतं आणि आतलं प्लाय गाळणीतल्या चहाच्या चोथ्यासारखं काळं, ओलं झालं होतं. चमच्यानं खरवडून निघालं. बाहेरून फळी मात्र नव्यासारखी. बाबा पडवीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांना मूठभर चोथा नेऊन दाखवला. त्यांनी तो बोटांत चुरडला, वास घेतला आणि म्हणाले, "म्हणजे लाकूड होताच तर आत." स्वतःच्या होडीत लाकूड आहे हे त्यांना इतक्या वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं, आणि विचारायची वेळही आली नव्हती.

काम पावसाच्या आधी उरकायचं होतं, कारण दमट हवेत रेझिन नीट धरत नाही. इथंही दोन होड्यांचे स्वभाव उलटे. लाकडाची डागडुजी पावसाळ्यात खोपीखाली आरामात चालायची, फायबरला कोरडी हवा लागते. गोड्या पाण्यानं धुऊन ती कित्येक दिवस वाळत ठेवली. वाळली का ते बघायला तिच्या अंगावर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवायचा आणि सकाळी बघायचं. आतून थेंब धरले असतील तर अजून थांबायचं.

मग ग्राइंडर. फुटलेली जागा नुसती बुजवून चालत नाही. तिच्या कडा उतरत्या घासाव्या लागतात, जाडीच्या बारा पट रुंद. सहा मिलिमीटर जाडीला सात सेंटिमीटरचा उतार. तेवढा उतार असला तरच नवे थर जुन्यांना धरतात. त्या घासकामाची धूळ म्हणजे बारीक काच. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट एवढं करूनही रात्री अंग खाजायचं. फायबरवाल्यानं सांगितलं, गरम पाणी घेऊ नका, आधी गार पाण्यानं अंघोळ करा.

त्या घासकामात एक गोष्ट हाती लागली. आतल्या बाजूला जेलकोट नसतो, तिथं काचेच्या धाग्यांची जाळी, म्हणजे मॅट, उघडी दिसते. उजव्या कुशीला, काठाच्या जरा खाली, रेझिनमध्ये ब्रशाचे सातआठ काळे केस अडकून कायमचे घट्ट झाले होते. त्यांच्या शेजारी बोटाचा ठसा. मॅट ओली असताना कोणीतरी ते केस बोटानं काढायला गेला असावा आणि मग जाऊ दे म्हणाला असावा. साच्यातून निघालेली, एकासारखी एक होडी म्हणून मी जिला ओळखत होते, तिच्यावर कोणाचा तरी हात होता. आजोबांच्या होडीचा सुतार कोण, त्याला किती शेर तांदूळ दिले, हे घरात अजून सांगतात. या हाताचं नाव कोणी विचारलं नाही. तेवढा भाग मी घासू दिला नाही.

रेझिन लावायचं काम मी हट्टानं शिकून घेतलं. रेझिनमध्ये कोबाल्ट आधी घालायचा, तो जांभळा असतो. मग हार्डनर, किलोला दहा ते वीस ग्रॅम. मेच्या उन्हात कमीच. नाहीतर डब्यातलं रेझिन तापून धुरकटतं आणि ब्रशासकट दगड होतं. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही ओतायचे नाहीत, भडका उडतो. फायबरवाल्याला यातलं रसायनशास्त्र माहीत नव्हतं आणि मला प्रमाणाचा अंदाज नव्हता. तो डब्याला बाहेरून हात लावून सांगायचा, आता पाच मिनिटं उरली. घड्याळ त्याच्याच बाजूनं असायचं. पांढरी मॅट अंथरायची, ब्रशानं ठोकत ठोकत रेझिन मुरवायचं, की बघता बघता ती पारदर्शक होते आणि खालचा थर दिसू लागतो. वरून रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. जिथं बुडबुडा राहिला तिथं उद्या पाणी राहणार. मागच्या फळीत नवं मरीन प्लाय घातलं, आयएस ७१० चा शिक्का बघून घेतलेलं, आणि या खेपेला प्रत्येक भोकाच्या कडा आतून रेझिननं बंद केल्या.

तळाचं काम करायला होडी पूर्ण उलटी करावी लागली. इंजिन नसतानाही दोघा-तिघांना ते झेपेना, आणि नुकते भरलेले थर आपटून चालणार नव्हते. चुलतभावानं वाडीत हाक दिली. कोण कोण आलं! ज्यांनी कधी लाकडाची होडी ओढली होती ते म्हातारे कठड्याला टेकून सूचना करायला आले, पोरं हात लावायला आली. उलटी झाल्यावर कोणी लगेच गेलं नाही. फोडांचं काय, खर्च किती, देवगडला कोणाची होडी अशीच पडली आहे, पर्ससीन जाळीवाल्यांनी बांगडा कुठवर ओरबाडला, अशा गप्पा अंधार पडेपर्यंत चालल्या. आई आत म्हणाली, कधीची बंद पडलेली खोप आज उघडल्यासारखी वाटते.

मला लाकडाच्या होडीचे गोडवे गायचे नाहीत. त्या तेलानं सोललेले हात मी पाहिले आहेत. फायबरनं आमच्यासारख्या घरांना कमी भांडवलात, कमी माणसांत समुद्रावर टिकवून धरलं. पण ज्याला आपली गरज नाही असं आपण एकदा धरून चालतो, त्याच्याकडे बघणंच सोडतो. मग ते बिघडायचं थांबत नाही, फक्त बिघडताना कोणाला दिसत नाही. देखभाल नुसती वस्तूची होत नसते. ती करायला माणसं जमतात, एकमेकांना विचारतात, हाताखालची पोरं बघून शिकतात. काम वाचलं तेव्हा हेही सगळं वाचलेल्या खर्चात धरलं गेलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणून मी एक वही केली आहे. कुठे किती थर आहेत, मागच्या फळीत काय आहे, बोल्ट कुठले, फोड कुठे होते, हार्डनर किती घातला, सगळं त्यात आहे. होडी तारकर्लीला पर्यटकांसाठी द्या, चांगले पैसे येतील, असा सल्ला अनेकांनी दिला. बाबांना विचारलं तर म्हणाले, "माशांची होडी आसा, माशांकच जांव दे." ती आता चुलतभावाकडे आहे. भाडं ठरवलेलं नाही. अट एकच घातली. १ जूनला मासेमारी बंद झाली की होडी आमच्या खळ्यात आणायची, उलटी करायची, वही काढून नाण्यानं टकटक करत सगळीकडून तपासायची, आणि उलटी करायला माणसं त्यानं स्वतः घरोघर जाऊन बोलवायची.

तो म्हणाला, "आणि तेंका चाय-भजी कोण देतलो?"

मी म्हटलं, होडीच्या खर्चात लाव.