गळ

माझ्या लहानपणी आमच्या आळीत घराचा मोठेपणा माडीवरून ठरत नसे. ज्याच्या घरी गळ, ते घर मोठे. मासे धरण्याचा गळ नव्हे. विहिरीत पडलेली बादली काढण्याचा. लोखंडाचे एक जाड कडे, त्याला भोवताली अडकवलेले वाकड्या टोकांचे आठ-दहा आकडे, आणि वर दोर बांधायला कडी. उलट्या धरलेल्या मोडक्या छत्रीसारखे त्याचे रूप. पण बादली बुडाली की साऱ्या आळीला त्या ध्यानाची आठवण होई.

तो गळ आमच्या घरी होता. केळापूरच्या जुन्या घरात माजघराच्या दाराआड खुंटीवर टांगलेला असे. कोणी मागायला आले की आजी आधी त्याचा तांब्या ठेवून घेई. "माझा माणसांवर विश्वास आहे," ती म्हणे, "गळावर नाही. तो ज्या घरी जातो तिथलाच होऊन बसतो."

हे सगळे आठवायचे कारण मात्र फार दूरचे आहे. गेल्या नवरात्रातली गोष्ट. आमचे केळापूर पांढरकवड्याला लागूनच. जगदंबेच्या देवळामुळे नवरात्रात पहाटेपासून गाव जागे असते. तिसरी की चौथी माळ होती. सकाळचे सहा वाजले असतील. मी देवळाकडे निघालो, तोच फोन वाजला. न्यूझीलंडहून पुतण्या बोलत होता. तिथे दुपारचे दीड वाजले होते.

मुलीच्या शाळेला सुट्टी, म्हणून ही मंडळी भाड्याने मोटारघर घेऊन हिंडायला निघाली होती. मोटारघर म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाडच. आत निजायची जागा, शेगडी, मोरी आणि बसायच्या बाकाखाली पिण्याच्या पाण्याची प्लास्टिकची टाकी. टेकापो नावाच्या तळ्याच्या वाटेवर ते पाणी भरायला थांबले. गाडीच्या बाजूला जे तोंड असते त्यात नळी धरायचे काम सात वर्षांच्या मुलीने हौसेने मागून घेतले. आणि तिच्या बोटातली अंगठी निसटून नळीबरोबर आत गेली.

अंगठी माझ्या आईची. चांदीची, साधी, झिजलेली. आईकडून वहिनींकडे आणि वहिनींकडून या नातीकडे आलेली. तिच्या बोटाला अजून सैलच होती.

"काका, दुकानातून लोहचुंबक आणलाय. दोरीला बांधून सोडू का?"

"अरे, चांदीला लोहचुंबक काय करणार?" मी म्हटले. "आधी सांग, गाडी हलवलीस का?"

"नाही. तिने लगेच सांगितलं. पडली तशी ओरडलीच ती."

हे ऐकले आणि मी चप्पल काढून पुन्हा आत येऊन बसलो.

मोटारघर मी जन्मात पाहिलेले नाही. पण टाकी झाली तरी ती एक आडवी, बंद विहीरच की. त्याला म्हटले, पहिल्याने पंप बंद कर. पाणी ओढले गेले तर त्या ओढीने अंगठी कुठल्या कोपऱ्यात जाईल, नेम नाही. गाडी जागची हलवू नकोस. हिसक्याने पाणी हिंदकळते आणि पाण्याबरोबर वस्तू. टाकीला वर झाकण आहे का? होते, तळहाताएवढे, आट्यांचे. गाडीच्या मालकाला विचार आणि मगच उघड. हात आधी स्वच्छ धू, पिण्याचे पाणी आहे. आणि उघडल्यावर लगेच हात घालू नकोस. पाणी निवळू दे.

या शेवटच्या सूचनेवर माझा फार भर होता, कारण विहिरीने मला पहिला धडा हाच दिला आहे. बादली पडली की घाईने गळ टाकणारा माणूस तळचा गाळ ढवळून ठेवतो आणि मग काहीच दिसत नाही. आमचे वडील दुपार होईपर्यंत थांबत. ऊन डोक्यावर आले की भिंतीवरचा आरसा घेऊन काठावर उभे राहत आणि उन्हाचा कवडसा पाण्यात सोडत. तो कवडसा हळूहळू तळाशी फिरे. आम्ही मुले पोटावर पडून डोळे ताणून पाहत असू. बादली दिसली की मग गळ सोडायचा आणि अलगद फिरवायचा. आकडा कडीत अडकला की दोरातून हाताला कळते. पाण्यात असेपर्यंत बादली हलकी असते. ती पाण्याबाहेर यायला लागली की तिचे खरे वजन हाताला जाणवते आणि पुष्कळदा निसटते ती तिथेच, अगदी वर आल्यावर.

पुतण्याने फोन ठेवला. देवळात घंटा वाजत होत्या. मी मात्र साठाहून अधिक वर्षे मागे गेलो होतो.

1961 साल. मी नऊ वर्षांचा. आईचे एक चांदीचे फुलपात्र होते, तिच्या माहेरचे. एका दुपारी ते घेऊन मी विहिरीच्या काठावर खेळत होतो. हातातून सुटले. डुबुक असा लहानसा आवाज झाला आणि पाणी पुन्हा पूर्वीसारखे झाले. गळ माजघरात होता, वडील ओसरीवर होते. मी कोणाला काही बोललो नाही.

संध्याकाळी शोधाशोध झाली. आमच्याकडे भांडी घासायला एक बाई येत. आईने त्यांच्यावर आळ घेतला नाही; तशी ती नव्हती. फक्त दुसऱ्या दिवसापासून भांडी घासायला टाकताना ती मोठ्याने मोजू लागली. चार ताटे, सहा वाट्या, दोन तांबे. घासून आल्यावर पुन्हा चार, सहा, दोन. बाई खाली मान घालून घासत. मी तिथेच बसून अभ्यास करी. रोज वाटे, आज सांगावे. पण एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी सांगणे दुप्पट जड होई. पोळ्यानंतर एके दिवशी बाई म्हणाल्या, "बाई, उद्यापासून दुसरी पाहून घ्या," आणि पदराला हात पुसून निघून गेल्या.

पुढच्या वैशाखात विहीर आटली. गाळ काढायला गडी उतरला. घमेल्याघमेल्याने काळा चिखल वर येत होता आणि त्यातून आळीच्या हरवलेल्या वस्तू निघत होत्या. एक पळी, दोन कड्या, कोणाचा तरी भोवरा. आणि काळे पडलेले फुलपात्र. आईने ते हातात घेतले आणि ती नुसती उभी राहिली. मी म्हटले, "माझ्या हातून पडलं होतं."

आईने मारले नाही. फुलपात्र राखेने घासून लख्ख केले, माझा हात धरला आणि तशीच बाईंच्या घरी गेली. अंगणात उभी राहून म्हणाली, "माझं चुकलं." बाईंनी आम्हांला बसायला घोंगडी घातली, पाणी दिले. आई ते प्याली. "सापडलं ना? बरं झालं," एवढेच त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून बोलल्या, "बापू, तवाच सांगतलं असतं, त मीच गळ टाकला असता."

कामाला मात्र त्या परत आल्या नाहीत.

आमच्या तालुक्यातल्या काही गावांच्या जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते गेले आणि वर्षानुवर्षे पोटात राहिले की दात आणि हाडे बिघडवते. त्याला रंग नाही, चव नाही. पाण्यात विरघळलेले असल्याने ते कोणत्याही गळाला लागायचे नाही. आईच्या त्या मोजणीचे तसेच झाले. फुलपात्र गाळातून निघाले. पण मोजणी त्या घरच्या पाण्यात विरघळून गेली होती.

तासाभराने फोन पुन्हा वाजला. या वेळी नात होती. "आजोबा, मिळाली!" टाकीतले पाणी त्यांनी सावकाश सोडले होते, खाली चहाची गाळणी धरून. तळाशी चार बोटे पाणी उरल्यावर बॅटरीच्या उजेडात अंगठी एका कोपऱ्यात दिसली. बापाचा हात कोपरापर्यंत गेला, पण पोचेना. मग हिनेच आपला बारीक हात घातला. टाकी धुऊन आता नवे पाणी भरत होते.

"बाबा रागावले का गं?"

"थोडे. पण मी लगेच सांगितलं ना, म्हणून थोडेच."

"फार चांगलं केलंस," मी म्हटले. आणखी काही म्हणायचे होते. गळा दाटून आला, म्हणून फोन ठेवला.

आमच्या विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून नळाला येते. गळ कोणी मागायला येत नाही. खंडेनवमीला घरातली हत्यारे पूजेला मांडली. कोयता, कुऱ्हाड, पास, सुनेची कात्री. मी माजघरात गेलो, खुंटीवरून गळ काढला, गंज पुसला, तेलाचे बोट फिरवले आणि त्यांच्या शेजारी ठेवला. हळदकुंकू वाहताना सुनेने विचारले, "मामंजी, याचा आता काय उपयोग?"

मी तिला पाटावर बसवले आणि फुलपात्राची गोष्ट पहिल्यांदाच सांगितली.