पाहायला मिळते!

काही शब्द पाहुणे म्हणून येतात आणि घरजावई होऊन बसतात. वृत्तवाहिन्यांवरचे 'कुठेतरी' घ्या. म्हणजे नेमके कुठे, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक नसते. पण ते मी सोसतो. माझे भांडण आहे 'पाहायला मिळते' याच्याशी. कोल्हापूरच्या खासबागेत चांगली कुस्ती पाहायला मिळाली, हे ठीक. तिथे माणूस तिकीट काढून, हौसेने जातो. आता मात्र अपघात, जळालेले घर, अंत्ययात्रा, सारेच पाहायला मिळते!

ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या हातकणंगले तालुक्यात उत्तरेकडून वारणा आणि दक्षिणेकडून पंचगंगा पात्र सोडून आत आली. शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला. वारणाकाठच्या निलेवाडीची आमची आत्या नेसत्या लुगड्यानिशी हातकणंगल्याला आमच्याकडे आली होती. पडद्यावर एक तरुण गुडघाभर पाण्यात उभा राहून सांगत होता, "सगळीकडे पाणीच पाणी पाहायला मिळत आहे."

आत्याने पदराने तोंड पुसले. म्हणाली, "त्येला म्हणावं, आमची म्हस दावं कापून सोडलीया. ती कुटं दिसती का बघ."