बदामाची वाटी

बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात रोज सकाळी आजींसमोर भिजवलेल्या सात बदामांची वाटी येत असे. नातवाच्या परीक्षेसाठी सुरू झालेली ही वाटी आजींचा विसरभोळेपणा वाढला तशी त्यांच्याकडे वळली. दोनदा दूध करपले, तरी घरातले म्हणाले, ‘वय झालं, चालायचंच.’ पण एके दिवशी आजी आठव्या क्रॉसच्या बाजारातून भाजी घेऊन निघाल्या आणि घराची गल्लीच त्यांना आठवेना. फुलवालीने हात धरून घरी आणले. तीस वर्षांचा पायाखालचा रस्ता! त्या रात्री सूनबाईंना घास गिळवेना.

डॉक्टरांनी बदामांबद्दल काही विचारलेच नाही. पायांना मुंग्या येतात का? मधुमेहाची मेटफॉर्मिन किती वर्षे चालू आहे? पित्ताची गोळी रोज घेता का? रक्त तपासले, तर बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले.

“पण आमच्याकडे दूध-दही रोज असतं,” सूनबाई म्हणाल्या.

असते, पण ते अंगी लागायला हवे ना! धान्य-भाज्यांत बी-१२ जवळजवळ नसतेच. शाकाहारी माणसाला ते दुधातूनच मिळवावे लागते. अन्नातून ते सुटे व्हायला जठरातील आम्ल लागते. उतारवयात हे आम्ल कमी होते, पित्ताच्या गोळ्या ते आणखी घटवतात आणि मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्यानेही बी-१२ शोषले जाणे कमी होते. या एका उणिवेनेही माणूस विसरू लागतो. वेळीच लक्षात आले, तर बरेच भरून येते. म्हणूनच ‘म्हातारचळ’ असा शिक्का मारण्याआधी ही साधी तपासणी करायला हवी.

इंजेक्शने सुरू झाली. दोन-तीन महिन्यांत मुंग्या कमी झाल्या, आजी दुधाचा हिशेब पुन्हा बोटांवर करू लागल्या. नावे मात्र अजून अडखळतात. जुन्या मधुमेहाने आणि रक्तदाबाने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचे जे नुकसान झाले ते भरून येणार नाही, पुढचे तेवढे थोपवता येईल, असे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले.

२०२४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. ती सगळी दूर झाली, तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. गंमत म्हणजे त्या यादीत आहार हा शब्दच नाही! आहेत ते मधुमेह, रक्तदाब, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा. म्हणजे स्वयंपाकघर आडवाटेने येतेच. बदाम वाईट नाहीत, खिशाला तेवढे जड. पण मेंदूसाठी म्हणून एकच जिन्नस खाऊन भागत नाही.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात गावकऱ्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करत आहे. त्यात पंचेचाळिशीपासूनची माणसे घेतली आहेत, कारण या आजाराची मुळे म्हातारपणाच्या कितीतरी आधी रुजतात. सूनबाई सत्तेचाळीस वर्षांच्या आहेत. त्यांनी स्वतःचे रक्त तपासून घेतले. साखर काठावर निघाली.

आता ताटातला भात निम्मा झाला आहे. शेजारणीकडून शिकलेले नाचणीचे मुद्दे, कुळथाचे पिठले आणि रोज एक पालेभाजी असते. भांडण झाले ते लोणच्यावरून.

“अगं, लोणच्याशिवाय वरणभात म्हणजे शिक्षाच!” आजी म्हणाल्या.

“आई, मिठानं रक्तदाब वाढतो. रविवारी एक फोड देईन,” सूनबाईंनी तडजोड केली.

बदामांची वाटी अजून येते, पण आता दोघींत. मग दोघी बाजारात चालत जातात. परतताना सूनबाई मुद्दाम एक पाऊल मागे राहतात. कुठे वळायचे ते आजींनी सांगायचे.