उताराला बैल सोडत नाहीत

पोरीला अठरावं पूर्ण झालं, साताऱ्याहून कच्चं लायसन आलं आणि तिनं धोशा लावला, "पप्पा, स्कूटी नको. मला गिअरची गाडी शिकवा." आमच्या घरी स्प्लेंडर आहे. रविवारी सकाळी हायस्कूलच्या पटांगणावर घेऊन गेलो. क्लच, ब्रेक, पुढं दाबलं की गिअर चढतो, टाचेनं मागं दाबलं की उतरतो, सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुसरा गिअर नेमका कितीला टाकायचा? वीसला का पंचवीसला?"

मी म्हणालो, "गाडी सांगते."

"गाडी कशी सांगेल?"

मला हसू आलं. हाच प्रश्न मी १९९३ साली चुलतभावाला विचारला होता. त्याचं उत्तर मला मिळालं ते आबांकडून, म्हणजे माझ्या वडलांकडून. आणि आबांनी उभ्या जन्मात मोटारसायकलचं हँडल कधी हातात धरलं नव्हतं.

आमचं गाव वाईपासून धोम धरणाच्या अंगाला. बी.कॉम. होऊन मी दोन वर्षं घरी बसलो होतो. मग पाचगणीतल्या एका शाळेत क्लार्कची नोकरी लागली. गावातून वाई, वाईतून पसरणीचा घाट चढून पाचगणी. घाट नुसता बारा-तेरा किलोमीटरचा, पण सकाळची एसटी चुकली की दिवस गेला. पहिल्या महिन्यात चार वेळा खाडा पडला. हेडक्लार्कनं सांगितलं, "असं जमायचं नाही."

त्या वर्षी आबांनी बैल विकले. माझ्या गाडीसाठी विकले असं ते कधी म्हणाले नाहीत. "भाड्याचा टॅक्टर येतुय आता, दोन जनावरं बसून कशाला खाऊ घालायची," एवढंच म्हणाले. पण बाजारातून आले ते पैसे त्यांनी आईकडं न देता माझ्या हातावर ठेवले. त्यात थोडी भर घालून मी चौदा हजाराला जुनी हिरो होंडा सीडी १०० घेतली. आधीच्या मालकाच्या हातूनच स्पीडोमीटरची केबल तुटलेली. काटा कायम शून्यावर. मोकळ्या गोठ्यात, जिथं बैल बांधायचो तिथंच ती उभी केली.

चुलतभाऊ वाईला गॅरेजात कामाला होता. त्यानं पाच मिनिटांत सगळं शिकवलं. मी विचारलं, "गिअर कधी बदलायचा?" तो म्हणाला, "येतंय हळूहळू अंदाजानं." अंदाज यायला आधी काहीतरी हाताशी पाहिजे. माझ्याकडं तर काटासुद्धा नव्हता. मी कॉमर्सचा माणूस. मी हिशोब बसवला. गावातून मोठ्या रस्त्यापर्यंत वाट सरळ आणि सपाट, कडेनं लाइटचे खांब. पहिल्या खांबाच्या आत दुसरा गिअर, दुसऱ्या खांबाला तिसरा, चौथ्या खांबाला चौथा. आठ दिवस हा हिशोब झकास चालला. मग एका संध्याकाळी बरोबर दुसऱ्या खांबाजवळ म्हशी आडव्या आल्या. गाडी थांबवली. म्हशी गेल्या. आणि मला कळेना, की आता खांब कुठून मोजायचे! गुराख्याचं पोरगं माझ्या तोंडाकडं बघत उभं.

पहिल्यांदा घाटात गेलो तेव्हा आबा मागं बसले. "मी येतो संगं," म्हणाले. धोतराचा सोगा आवळून, पटका घट्ट बांधून, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून बसले. घाट सुरू झाला तेव्हा मी चौथ्या गिअरात होतो आणि चौथ्यातच राहिलो. घाटात खांबांचा हिशोब नव्हता. दुसऱ्या वळणाच्या पुढं गाडी जड झाली. इंजिन आतून कुणी ठोकल्यासारखं खडखडायला लागलं, हँडल थरथरलं. मी अक्सलेटर पिळला. आवाज नुसता फुगला, गाडी काही ओढेना. घाबरून टाचेनं दोनदा गिअर पाडले, पण तोवर वेग मेला होता. गाडी बंद पडली आणि मागं सरकायला लागली. ब्रेक दाबून धरेपर्यंत आबा खाली उतरले होते. त्यांनी कडेचा दगड उचलून मागच्या चाकाखाली लावला. गाडीवानाची सवय. विचार करायला ते थांबलेच नाहीत.

मग म्हणाले, "बैल दमल्यावर चाबूक मारून काय हुतंय? अंगात दम हाय तवर आवाज द्यायचा. चड लागायच्या आदी."

मी चिडलो होतो. म्हणालो, "आबा, तुम्हाला यातलं काय कळतंय?"

"गाडीतलं न्हाय कळत," ते म्हणाले. "दमल्यालं कळतं."

पुन्हा निघालो. थोडं वर गेल्यावर खांद्यावर एक थाप पडली. मी न कळत टाच दाबली, गाडी तिसऱ्यात आली आणि खडखड सुरू व्हायच्या आधीच थांबली. इंजिन मोकळं झालं. पुढच्या वळणाआधी पुन्हा थाप. दुसरा गिअर. वळण संपून जरा सपाटी आली, इंजिन वरच्या पट्टीत ओरडायला लागलं, तशी पुन्हा एक थाप. गिअर वर. पाचगणीच्या नाक्यापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. नुसत्या थापा.

आज मला त्यातलं शास्त्र सांगता येतं. इंजिनाची ताकद त्याच्या फिरण्यावर असते. फिरणं फार कमी झालं की ते ओढत नाही, ठोकतं; फार वाढलं की नुसतं ओरडतं आणि तापतं. खालचा गिअर ओढ देतो, वरचा वेग देतो. क्लच दाबला की तेवढा क्षण गाडीला कुणीच ओढत नसतं, चढावर त्या क्षणात वेग पडतो. म्हणून दम संपायच्या आधीच गिअर पाडायचा. आबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. तरुणपणी ते वाईच्या पेठेतून किराणा माल भरून याच घाटानं बैलगाडी पाचगणीला न्यायचे. बैलांचा श्वास बदलला की पाठमोऱ्या बसलेल्या माणसालाही कळायचा. त्यांनी माझ्या इंजिनाचा श्वास ऐकला, एवढंच.

महिनाभरात मी तयार झालो. आबा मागं बसायचे थांबले. आणि तयार झालेला माणूस जे करतो ते मी केलं. शाळेतली दोघं-तिघं सांगायची, "पसरणी उतरायला पेट्रोल लागतच नाही." वरनं निघालं की चावी बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, थेट खाली वाईपर्यंत. मीही करायला लागलो. आवाज नाही, धूर नाही. नुसता कानात वारा, आणि खाली कृष्णेचं खोरं, धोमचं पाणी, वाईची घरं. वाटायचं, आता गाडी आली आपल्याला. रोजच्या पेट्रोलचा हिशोब मी डायरीत मांडून ठेवत होतो.

दिवाळीनंतरची गोष्ट. भिलारच्या पाहुण्यांकडून बटाट्याचं बेणं आणायचं होतं. आबा सकाळी माझ्याबरोबर वर आले, संध्याकाळी मागं पोतं बांधलं, मध्ये आबा, आणि आम्ही निघालो. पाचगणी सोडली आणि मी सवयीनं चावी फिरवली.

"बंद का केलीस?" आबांनी विचारलं.

"पेट्रोल वाचतंय."

ते काही बोलले नाहीत. पहिल्या वळणाला खांद्यावर थाप पडली. मी म्हटलं, चढ नाही, कशाला थापटताहेत? पुढं आणखी एक. मग तिसरी. मी लक्ष दिलं नाही.

रोज मी एकटा असायचो. त्या दिवशी आबा होते आणि चाळीस किलोचं पोतं होतं. सगळा भार दोन ब्रेकवर. अर्ध्या घाटात जळका वास आला. ब्रेकचा ड्रम तापला की आतलं लायनिंग पकड सोडतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर हँडलला टेकला, पायातला दाबला तर पाय नुसताच खाली गेला. समोर वळण, आणि वळणातून वर येणाऱ्या एसटीचा हॉर्न. मी घाबरून गिअर दाबला आणि क्लच सोडला. न्यूट्रलमधून दाबल्यावर पहिला गिअर पडतो. त्या वेगात पहिला गिअर म्हणजे मागचं चाक जागच्या जागी धरणं. चाक घसरलं, गाडी आडवी झाली आणि आम्ही डोंगराच्या बाजूच्या गटारात जाऊन पडलो. दुसऱ्या अंगाला दरी होती.

एसटी थांबली. कंडक्टर आणि चार माणसं धावत आली. पोतं फुटून बटाटे उतारानं घरंगळत चालले होते. आबा गटारात बसलेले, उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं. मी "आबा, आबा" करत जवळ गेलो. ते म्हणाले, "आदी बटाटं गोळा कर. बेणं हाय त्ये."

मनगट मोडलं होतं. दीड महिना प्लॅस्टर. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही, पाचव्या दिवशी बोलली ती न बोललेली बरी होती. बेणं मी आणि आईनं लावलं. आबा बांधावर बसून सांगायचे. प्लॅस्टर निघालं तरी त्या हाताची मूठ पुढं कधी पुरती वळली नाही. मी त्याबद्दल एकदा रडायला लागलो, तर म्हणाले, "आसूं दे. कासरा कुठं धरायचाय आता."

गाडी विकायची असं मी ठरवलं होतं. प्लॅस्टर काढलं त्या दिवशी वाईच्या दवाखान्यातून बाहेर आलो, तर आबा म्हणाले, "घाटाकडं घे."

"कशाला?"

"घे तर खरं."

मी हळूहळू घाट चढलो. थापा पडल्या नाहीत, गिअर माझे मीच बदलले. वर रुंद जागा बघून त्यांनी गाडी वळवायला लावली. म्हणाले, "आता उतर. चालू ठिऊन." मी दुसरा गिअर टाकला आणि अक्सलेटर सोडून दिला. इंजिन घुर्र करत गाडीला मागं धरून बसलं. ब्रेकला हात लावायची गरज क्वचितच पडत होती. दोन वळणं गेली. मग मागनं आवाज आला, "उताराला बैल सोडत्यात व्हय रं?"

मी काहीच बोललो नाही. तेच सांगत राहिले. चढाला बैल ओढतात ते सगळ्यांना दिसतं. उताराला भरलेली गाडी त्यांच्या मानेवर येते, ती ते मागं रेटून धरतात, ते कुणाला दिसत नाही. बैलांना विसावा म्हणून उताराला जू काढलं, तर बैल वाचतील, गाडी दरीत जाईल. "ज्येवढ्या दमानं चडायचं, त्येवढ्याच दमानं उतराय लागतं."

"मग त्या दिवशी बोलला का नाही?"

"थापटलं की तीनदा," आबा म्हणाले. "तुला लागली न्हाय."

पुढं सत्तावीस वर्षं मी त्या घाटानं नोकरी केली. तीन गाड्या बदलल्या. चावी बंद करून पुन्हा कधी उतरलो नाही. आबा जाऊन आता दहा वर्षं झाली. गोठ्याच्या जागी खोली झाली. पण अजून चढ दिसला की खांदा आपोआप वाट बघतो.

तर त्या रविवारी मी पोरीला म्हणालो, "काट्याकडं बघू नको. मी मागं बसतो, तू आवाज ऐक." तिनं दोन वेळा गाडी बंद पाडली, एकदा असा झटका दिला की मी पडता पडता राहिलो. तिसऱ्या फेरीला मात्र नीट सुटली. पटांगणाच्या कडेनं गाडी निघाली, इंजिनाचा आवाज चढत गेला, चढत गेला, आणि माझा हात तिच्या खांद्याकडं गेला.

हात पोचायच्या आधीच तिनं दुसरा गिअर टाकला होता. मी हात तसाच मागं घेतला आणि गुडघ्यावर ठेवला.