अडीच फुटांच्या गाडीचे दार

सोलापूर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते, ते मी सांगू? चादरी, शेंगांची चटणी, कडक भाकरी आणि फार तर सिद्धेश्वराचे तळे. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना आम्हीही हेच दाखवतो. पण मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला सोलापुरातून गाडीत बसवून कुर्डुवाडीला नेणार आहे. तुम्ही म्हणाल, कुर्डुवाडीत काय पाहायचे? जंक्शन आहे, चहा प्यायचा आणि पुढे जायचे! मीही लग्न होऊन सोलापूरला आले तेव्हापासून तेच करत होते. या खेपेला मात्र तिथे एक दिवस मुक्काम केला, आणि आल्यापासून घरातल्या एका टेबलाकडे पाहिले की मला चुटपूट लागते.

टेबलाची गोष्ट मागाहून सांगते. आधी गाडीची.

आमच्या सासूबाई बार्शीच्या. वय ब्याऐंशी. लग्नानंतर सासरी पंढरपूरला जायला निघाल्या त्या ‘बार्शी लाइट’मधून. अडीच फुटी रुळांवरची चिमुकली गाडी, तिला सगळे याच नावाने ओळखायचे. कुर्डुवाडीला उतरायचे, ट्रंका मोजायच्या आणि पंढरपूरच्या गाडीत बसायचे. “शालूला कोळशाच्या ठिणगीनं भोक पडलं होतं, आणि मी सासूला आठवडाभर सांगितलं नव्हतं,” असे त्या अजून हसत सांगतात. आषाढीच्या दिवसांत त्या गाडीच्या टपावरसुद्धा माणसे बसलेली त्यांनी पाहिली आहेत. गेल्या वर्षी त्यांनी धोशाच लावला, “मला एकदा ती गाडी दाखव गं.” आता दाखवायची कुठून?

कारण ती गाडी राहिलेली नाही. २००८ साली लातूरपासून कुर्डुवाडीपर्यंतचा मार्ग रुंद झाला, पंढरपूरचा त्याआधीच झाला होता, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मिरजेकडचाही झाला. प्रवाशांची सोय झाली हे खरेच. लातूरहून मुंबईला जाताना मध्ये गाडी बदलावी लागत नाही, हे काही लहान सुख नव्हे. जुन्या गाडीसाठी उसासे टाकणाऱ्यांपैकी कितीजणांनी तिच्या बाकावर कडेवर मूल घेऊन प्रवास केला असेल, कोण जाणे! पण गाडी गेली म्हणून तिचे डबेही कुणाला पाहायला मिळू नयेत?

तर आम्ही दोघी सकाळच्या गाडीने निघालो. मोहोळ, माढा करीत सुमारे ऐंशी किलोमीटरचा प्रवास. या कुर्डुवाडी स्टेशनचे नाव पूर्वी ‘बार्शी रोड’ होते, बरं का. मुंबई-मद्रास मार्ग बार्शी गावाला बगल देऊन गेला. बार्शीची बाजारपेठ मोठी, कापूस नि गळिताची धान्ये यांचा व्यापार मोठा, आणि सगळा माल एकवीस मैल बैलगाडीने स्टेशनात आणायचा. हे पाहून रेल्वेत नोकरीला असलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने छोट्या रेल्वेचा ध्यास घेतला. १८९५ साली लंडनमध्ये कंपनी निघाली आणि मार्च १८९७ मध्ये, दुष्काळाच्या धामधुमीतच, बार्शीला गाडी आली.

त्याची युक्ती ऐका. मोठ्या गाडीची नुसती लहान प्रतिकृती त्याने केली नाही. त्याने ठरवले की इंजिन असो, मालडबा असो, कोणत्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. भार सारखा वाटला की हलके, स्वस्त रूळ पुरतात. आपण बाजाराच्या दोन पिशव्या दोन हातांत सारख्या वजनाच्या करून घेतो ना, तसेच. डब्यांच्या चौकटी पोलादी पत्रा दाबून घडवलेल्या, म्हणून हलक्या आणि मजबूत. इकडे पाठवण्याआधी इंग्लंडात लीड्सजवळ रूळ टाकून, चढ आणि वळणे देऊन हे सगळे चालवून दाखवले गेले. पुढे गाडी १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. एकूण दोनशे मैलांच्या वर! १९५४ साली ती सरकारी झाली. (या कॅलथ्रॉपसाहेबाने पुढे विमानातून उडी घेणाऱ्यांसाठी पॅराशूटही बनवले आणि घोड्यांवर पुस्तकही लिहिले. काही माणसांना स्वस्थ बसवतच नाही.)

कुर्डुवाडीला सासूबाईंचे धाकटे भाऊ राहतात. आमचे मामा. वर्कशॉपच्या सुतारखात्यातून निवृत्त झाले. कुर्डुवाडीचे हे रेल्वे वर्कशॉप छोट्या गाड्यांच्या दुरुस्तीसाठी प्रसिद्ध आहे. जेवणे झाली, मामींनी सुपारी पुढे केली, आणि मी मोठ्या कौतुकाने आमच्या टेबलाचे सांगायला बसले.

सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी भंगाराच्या लिलावात छोट्या गाडीच्या डब्याचे एक सागवानी दार घेतले होते. त्याला पाय लावून माजघरात टेबल केले. वर रंगाचे पोपडे आलेले, कडेला लोखंडी बिजागरी तशीच. मला ते मेले नेहमी ओंगळ वाटायचे. मागच्या दिवाळीला सुतार बोलावला, रंधा मारून घेतला, पॉलिश केले. असे झळकू लागले की शेजारणी विचारायच्या, कुठून आणलेत?

मामा गप्प झाले. मग म्हणाले, “सूनबाई, रंधा मारायच्या आधी मला एक कार्ड टाकलं असतंत तर?”

मला आधी राग आला. माझ्या घरातले टेबल, मी काही करीन! पण मामांनी मग जे सांगितले ते ऐकता ऐकता राग उतरला आणि पोटात कालवल्यासारखे झाले.

जुना डबा संग्रहालयासाठी दुरुस्त करायचा तर पहिल्या दिवशी हत्यार उचलायचेच नाही म्हणे. आधी पाहायचे, लिहून ठेवायचे, फोटो काढायचे. मग लाकडाच्या लहान हातोडीने ठोकत फिरायचे. सागवान धडधाकट असेल तर आवाज टणक येतो, आतून पोकळ असेल तर बद्द. मातीची घागर घेताना आपण टिचकी मारतो तशीच ही परीक्षा. शंका आली तिथे टोच्या घालून बघायचे. आणि कुजते कुठे, तर जिथे आपली नजर जात नाही तिथे. ज्या खिडक्या भिंतीत खाली सरकतात, त्यांच्या खाली भिंतीच्या आत एक खिसाच असतो. पावसाचे पाणी त्यात उतरते आणि तळाशी साठते. बाहेरून रंग छान, आत भुसा. दाराचा खालचा आडवा पट्टा, आणि लाकूड जिथे लोखंडाला टेकते ती जागा, ही आणखी दोन दुखणी. गंजलेले लोखंड फुगते आणि शेजारचे लाकूड फोडते. तिथले बोल्ट एका दिवसात सुटत नाहीत. तेल सोडून वाट पाहायची, रोज थोडे हलवायचे. कापायचे ते अगदी नाइलाज झाला तरच.

लाकडी छपराचीही एक गंमत. पुष्कळ जुन्या डब्यांच्या फळ्यांवर जाड कॅनव्हास ताणून बसवलेला असे आणि त्यावर रंगाचे थर. ते कापड एकदा फाटले की खालचा सगळा डबा धोक्यात.

“कुजलं तेवढंच काढायचं,” मामा म्हणाले. “अख्खी फळी बदलली की काम सोपं, पण मग तो जुना डबा राहतो कुठं?” वाईट भाग कापून तिथे त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा तिरकस सांधा करून बसवायचा, आणि नव्या तुकड्याच्या मागे साल कोरून ठेवायचे. म्हणजे पन्नास वर्षांनी बघणाऱ्याला कळेल की हे जुने, हे आपण घातलेले. मला हे फार आवडले. आपण साडीला रफू करतो ते दिसू नये म्हणून धडपडतो. इथे रफू झाकायचे नाही, मागे सही करून ठेवायची!

आणि रंग. डब्यावर वर्षानुवर्षे एकावर एक रंग चढतो. एखाद्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा बारीक पॉलिशपेपरने हलके हलके घासली की कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर गोल गोल दिसू लागतात. सगळ्यात खाली अस्तर, त्यावर पहिला रंग. डबा मुळात कोणत्या रंगाचा होता, त्यावर अक्षरे कशी होती, हे सांगणारा तेवढाच पुरावा असतो. जुने फोटो काळेपांढरे, त्यांच्यातून काय कळणार? माझ्या सुताराने तासाभरात तो सगळा पुरावा केरसुणीने गोळा करून उकिरड्यावर टाकला होता.

एक गोष्ट तुमच्या घरासाठीही सांगते, कारण जुनी दारे, पाळणे, कपाटे आपल्याकडेही असतात. जुन्या तेलरंगांत शिसे असे. तो रंग कोरडा घासला की धूळ उडते आणि ती पोटात जाणे वाईट, विशेषतः लहान मुलांच्या. घासायचेच तर पाणी लावून, मुलांना दूर ठेवून, आणि ओल्या फडक्याने सगळे टिपून घ्यावे. पितळेच्या जुन्या मुठी नि नावाच्या पट्ट्या चिंच लावून घासू नका. देवाच्या भांड्यांना चिंच ठीक आहे, पण कोरलेली अक्षरे दरवेळी थोडी थोडी झिजतात. मऊ फडक्याने पुसले तरी पुष्कळ.

सासूबाईंना गाडी शेवटी दाखवली ती नागपुरात. भाच्याच्या लग्नाला गेलो होतो, तेव्हा मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात त्यांना घेऊन गेले. हे संग्रहालय २००२ साली उघडले. तिथली गाडी बार्शीची नव्हे, सातपुड्याकडच्या रेल्वेची, पण रूळ तेच अडीच फुटांचे. सासूबाई एका डब्याच्या पायरीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. दाराच्या कडेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “एवढीशीच होती का गं? मला तर मोठी आठवते.” त्यानंतर दिवसभर कुणाशी फारशा बोलल्या नाहीत.

आपल्याच भागात एका स्टेशनाबाहेर, नाव कशाला सांगू, असाच एक जुना डबा चौथऱ्यावर ठेवलेला मी पाहिला आहे. उन्हात, पावसात, डोक्यावर काही नाही. दरवर्षी पाहुणे यायच्या आधी वरून चकचकीत रंग मारतात. मी पूर्वी म्हणायची, किती छान ठेवलाय! मामा म्हणतात, त्या रंगाच्या पैशांत चार खांब आणि पत्रे आले असते. पोपडे निघालेला डबा छपराखाली टिकतो, नवा रंगवलेला डबा उघड्यावर कुजतो. पाणी रंगाच्या आड कोंडते ना!

कॅलथ्रॉपने इंग्लंडातही एका दरीत अशीच अडीच फुटी रेल्वे उभी केली होती. १९०४ साली सुरू झाली, १९३४ साली बंद पडली, रूळ उचलले आणि आज त्या वाटेवर लोक पायी फिरायला जातात. वेल्समध्ये तशाच रुळांची दुसरी एक रेल्वे मात्र गावोगावच्या हौशी मंडळींनी १९६३ साली स्वतःच्या अंगमेहनतीने पुन्हा चालू केली, आणि ती अजून चालते आहे. सुटीच्या दिवशी शिक्षक, कारकून, दुकानदार येऊन डबे घासतात, बाक शिवतात.

आपल्याकडे हात नाहीत असे मात्र म्हणू नका. माथेरानच्या गाडीची इंजिने आणि डबे दुरुस्तीसाठी कुर्डुवाडीच्याच वर्कशॉपात येतात. म्हणजे छोट्या डब्याचे दुखणे ओळखणारे लोक आपल्या जिल्ह्यातच आहेत. बार्शीला किंवा कुर्डुवाडीला एखादी शेड, त्यात बार्शी लाइटचा एक डबा, आणि दर रविवारी तो उघडणारे कुणी. मी मामांना विचारले, असे झाले तर तुम्ही याल? त्यांनी नुसते आपल्या बोटांकडे पाहिले. संधिवाताने वाकडी झाली आहेत. “मी बसून सांगीन,” म्हणाले. “पण लवकर बोलवा म्हणावं.”

पुढच्या महिन्यात मामा सोलापूरला आले ते पिशवीत पाना आणि पेचकस घेऊनच. चहासुद्धा घेतला नाही, आधी टेबलाशी बसले. कडेच्या लोखंडी बिजागरीचे स्क्रू पाऊण तास झगडून काढले. पट्टी उचलली, आणि तिच्याखाली बोटभर रुंदीचा रंग शाबूत! सुताराचा रंधा लोखंडाखाली पोचला नव्हता. मामांनी पाण्याचे दोन थेंब टाकून हळूहळू घासले. वर विटकरी, त्याखाली पिवळसर, आणि लाकडाला लागून गडद काहीतरी. हिरवा की काळा, यावरून मामा आणि सासूबाई यांचे अर्धा तास भांडण झाले. सासूबाई म्हणत होत्या हिरवा, मला आठवतो. मामा म्हणत होते, अक्का, तो रंगच नव्हे, अस्तर आहे.

मी ते टेबल आता भिंतीच्या बाजूला सरकवले आहे. बिजागरी परत लावलेली नाही, ती जागा एका कापडाने झाकून ठेवली आहे. कामवाल्या बाई ओले फडके घेऊन तिकडे वळल्या की सासूबाई पलंगावरून ओरडतात, “तिथं नको!”